अतितातडीची मोजणी

डॉक्टरांनी मंजुषाला एकच काम दिलं होतं. दीड महिन्याच्या बाळाची सर्दी छातीत उतरली आहे. आजार विषाणूचा, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, थोडं थोडं पाजत राहा आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठच्या वर गेले, बरगड्यांखाली खळगा पडला किंवा पिणं निम्म्यावर आलं, तर कोणाला विचारत बसू नका. मोठ्या दवाखान्यात न्या.

हर्सूलला घरी येऊन तिनं बाळाचं झबलं वर केलं. एक, दोन, तीन,

"औषधच नाय दिलं?" सासूबाई म्हणाल्या. "मग डॉक्टर कशाचा त्यो?"

पुन्हा. एक, दोन,

"थांब." हे सासरे, काकासाहेब. भूमी अभिलेख कार्यालयात त्यांनी तीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. आपल्या घरात आपल्याला डावलून मोजणी सुरू झालेली पाहून त्यांना वाईट वाटलं. "एकतर्फी मोजणी टिकत नसते. लगतधारकांना बोलवा."

लगतधारक म्हणजे शेजारच्या अजराभाभी. त्यांनी बाळाकडं एकदाच पाहिलं. "चाचा, पसली चल री इसकी. दवाखाने ले जाव."

"हरकत नोंदवून घेतली," काकासाहेब म्हणाले.

मंजुषाची मोजणी चौसष्ट. काकासाहेबांची अठ्ठेचाळीस, त्यांनी अर्धंच मिनिट मोजून दुप्पट केली होती आणि मध्ये एक फोन घेतला होता. दोन्ही मोजण्या जुळेनात, म्हणून सरासरी काढण्यात आली. छप्पन.

"हद्द साठची. बाळ हद्दीच्या आत आहे."

"मामा, ते पीत नाय," मंजुषा सासऱ्यांना म्हणाली.

"पिण्याचा विषय वेगळा. त्याला वेगळा अर्ज."

चितेगावच्या कंपनीतून नवऱ्याचा फोन आला. "बाबा काय म्हणतात?" बाळ काय म्हणतं, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.

बाळानं दोन घोट घेतले आणि दमून तोंड फिरवलं. बरगड्यांखाली खळगा पडत होता. मंजुषानं त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि अजराभाभींना घेऊन रिक्षा गाठली.

"अगं, पंचनाम्यावर सही राहिली," मागून आवाज आला.

दवाखान्यात सिस्टरनं मिनिटभर तोंड मिटून मोजलं. अडुसष्ट. ऑक्सिजन लागला.

तासाभरात काकासाहेब अर्ज घेऊन हजर झाले: सदर मोजणी आमच्या गैरहजेरीत झाली असल्याने फेरमोजणी व्हावी.

सरासरी छप्पन निघाली तेव्हा वाचता वाचता तुम्ही हसलात. तेवढ्यात बाळाचे नऊ श्वास झाले. तुम्हीही मोजले नाहीत.