हेल्मेट सुखरूप

डोके हा मानवी शरीराचा सर्वांत वरचा अवयव आहे, याबाबत वैद्यकशास्त्र आणि धर्मशास्त्र यांच्यात मतभेद नाहीत. मतभेद सुरू होतात ते डोक्याच्याही वर काय ठेवावे यापासून.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत हा प्रश्न सकपाळांच्या पूर्वीने आणला. पूर्वी लोअर परळच्या एका ऑफिसात कामाला आहे आणि सायकलने जाते. (अंतर एवढे कमी की टॅक्सीवाले नाही म्हणतात, आणि रस्ता एवढा खोदलेला की चालणारेही नाही म्हणतात.) तिने पांढरेशुभ्र हेल्मेट घेतले. पहिल्याच सकाळी गॅलरीतून "अंडं चाललं, अंडं!" अशी नोंद झाली. आठवड्याच्या आत तिने ते अवधूतकाकांकडे रंगवायला दिले.

अवधूतकाका तिचे सख्खे काका. लालबागच्या गणपती कारखान्यात ते मूर्तींची आखणी करतात, म्हणजे सगळे रंगकाम झाल्यावर शेवटी डोळे काढतात. हेल्मेटबरोबर कंपनीचा एक छापील कागद होता. रंग, थिनर आणि स्टिकर यांनी कवच कमजोर होते, सबब ते लावू नयेत, असे त्यात स्पष्ट बजावले होते. या कागदाचा काकांना फार उपयोग झाला. त्यांनी त्याला ब्रश पुसले.

रंग उत्तम लागला. मोरपिशी, कडेने सोनेरी वेल. मात्र आयुष्यभराची सवय. वेल संपताच काकांच्या हाताने पुढच्या बाजूला दोन डोळे काढले. लांबट, पाणीदार, किंचित हसरे. तुम्ही कुठेही उभे राहा, ते तुमच्याकडेच बघतात.

"काका, डोळे कशाला?"

"अगं, हात थांबेना."

पूर्वीची आजी रमाबाई यांनी चष्मा लावून पाहणी केली आणि हात जोडले. "डोळे काढलंस मां? मगे आता ता बघता."

इथून पुढचे सर्व तर्काला धरून झाले, हे नमूद करणे आवश्यक आहे. बघणारी वस्तू चपलांच्या स्टँडवर ठेवता येत नाही. खुंटीला उलटी टांगता येत नाही. संडासाकडे तोंड करून ठेवता येत नाही, आणि आमच्या चाळीत संडास दोन्ही टोकांना आहेत. डोक्यावर ठेवायला मात्र कोणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती पडण्याबद्दल.

ती चाळ कमिटीचे सेक्रेटरी हितेंद्र परब यांनी काढली आणि रविवारी सभा बोलावली. विषय: रंगवलेले हेल्मेट सुरक्षित आहे काय? (गळक्या टाकीच्या सभेला सात जण आले होते. या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत.)

"तू पडलीस तर?" परबांनी मुद्द्याला हात घातला.

"तर हेल्मेट फुटेल आणि डोकं वाचेल," पूर्वी म्हणाली. "त्यासाठीच असतं ते."

मागून कोणीतरी "अरे देवा" म्हणाले.

"फुटेल? म्हणजे खंडित होईल?"

खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिचे विसर्जन करावे लागते. इथे तर तेही पूर्वी ज्या दिवशी पडेल त्या दिवशी, म्हणजे बहुधा कामाच्या वारी.

"अहो, ती मूर्ती नाहीये, हेल्मेट आहे! आणि थिनरने ते आधीच ठिसूळ झालं असणार. मला दुसरंच घ्यावं लागेल."

"ठिसूळ झालंय?" परब गंभीर झाले. "मग तर जास्तच जपायला हवं."

"आणि दुसरा आणतलंस?" रमाबाई कडाडल्या. "एक घरात आसताना? तेका काय वाटात?"

तळमजल्याच्या राजेशने तोडगा सुचवला: या हेल्मेटवर मोटरसायकलचे मोठे हेल्मेट घालावे. लगेच प्रयोग झाला. पूर्वीला काही दिसेना, यावर चर्चा झाली नाही. हेल्मेटला काही दिसेना, या मुद्द्यावर प्रस्ताव फेटाळण्यात आला.

शेवटी परबांनी आकडेवारी मांडली. हेल्मेटला होणारे शंभर टक्के अपघात ते डोक्यावर असताना होतात. शोकेसमध्ये हे प्रमाण शून्यावर येते. थोडक्यात, हेल्मेटला खरा धोका पूर्वीच्या डोक्याचा आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. (पूर्वीचे मत धरले नाही, ती हितसंबंधी व्यक्ती होती.) हेल्मेट सकपाळांच्या शोकेसमध्ये, कपबश्यांच्या वरच्या कप्प्यात विराजमान झाले. पूर्वीने चोरून दुसरे आणायचा विचार केला. पण चाळीला जिना एकच आहे, आणि जिन्यात परब बसतात.

बुधवारी खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावरून तिचे चाक सरकले. कपाळाला टाके पडले. ती टॅक्सीने घरी आली (या वेळी टॅक्सीवाला हो म्हणाला) आणि अख्खी चाळ भेटायला लोटली. प्रत्येकाने आत येताच एकच प्रश्न विचारला.

"हेल्मेट घातलं नव्हतंस ना?"

"नाही."

"बरं झालं, बाई!"

रमाबाई तिच्या उशाशी बसून होत्या. डोळे पुसत त्यांनी शोकेसकडे पाहिले. "तेनाच वाचवल्यान गो तुका."

अवधूतकाका सर्वांत शेवटी आले. बराच वेळ ते डोक्याला गुंडाळलेल्या पांढऱ्याशुभ्र पट्टीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वेल छान बसेल गं यावर."

"काढा," पूर्वी म्हणाली. "आणि डोळे नक्की काढा, काका. म्हणजे कमिटी मलाही जपेल."

परबांनी ही सूचना पुढच्या सभेसाठी टिपून घेतली. मूळ विषयावरचा कमिटीचा निर्णय आता नोटीस बोर्डावर लागला आहे: रंगवलेले हेल्मेट पूर्णपणे सुरक्षित आहे. त्याला ओरखडाही आलेला नाही.

हे वाचून तुम्हाला हसू आले असेल, तर तुमच्या हेल्मेटचीही चौकशी करतो. हँडललाच अडकवलेले आहे ना? ओरखडा वगैरे नाही ना?

बरं झालं.