नाल्याकाठच्या सात ओळी

नामदेवकाका आधी नाही म्हणतात आणि मग करतात. चहा विचारला तर "आपल्याले जमत नाही" म्हणतील आणि वर बशी मागतील. नातीच्या साखरपुड्यालाही नाहीच म्हणाले होते. मंडपात सगळ्यांत आधी तेच येऊन बसले. भातकुलीकडच्या त्यांच्या गावात हे कोणी मनावर घेत नाही. मी मात्र घेतलं. घरातला मी पहिला पदवीधर. शेतीची पदवी होती म्हणून पाणी प्रकल्पात काम मिळालं, आणि शेतकरी बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, असं मला तिथे शिकवलं होतं.

या भागात विहिरींना खारं पाणी. गोडं पाणी फक्त नाल्याच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्यांत. म्हणून सभेत मी सांगितलं, की फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका आणि काठाने गवताचा पट्टा सोडा, म्हणजे शेतातलं खत-औषध पाण्यात उतरणार नाही.

काका उभे राहिले. "पराटीच्या सात ओळी मोडू अन् गवत वाढवू? मी काय मेंढ्या पाळून राहिलो? अन् पंप काय न्हानीत धुवू?"

सभा हसली. मी वहीत लिहिलं : तीव्र विरोध.

पुढच्या आठवड्यात नाल्याकाठाने पाहणी करत गेलो, तर काकांच्या बांधाला कमरेएवढं गवत. तेही जुनं, चांगलं रुजलेलं. काका पार वरच्या धुऱ्यावर, नाल्यापासून लांबच्या बांधावर, घरून आणलेल्या पाण्याने पंप धूत होते आणि ते धुवण आपल्याच पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारत होते. मी वहीतला "विरोध" खोडला. मग पुन्हा लिहिला. काही समजेना.

"काका, मी सांगत होतो ते हेच! प्रकल्पाचा पहिला बोर्ड इथे तुमच्या नावाचा लावतो."

"लावशीन तं उपटून फेकीन!"

"काहून पन?"

त्यांनी नाल्याच्या खालच्या अंगाला हनुवटीने खूण केली. तिथे त्यांच्या धाकट्या भावाचं, भास्करचं शेत. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद. भास्करच्या घरचं पिण्याचं पाणी तिथल्याच झिऱ्यातलं.

"त्याले समजलं तं थो झिरा सोडून देईन. विहिरीचं खारं पेईन, पन माह्या गवतानं गाळेल पानी नाही पेनार. लय आडमुठा हाय."

"मग वहीत काय लिहू?"

"विरोधच राहू दे."

मी वही मिटली. काका पंपाचा पट्टा उगाच घट्ट करत राहिले.

"तू त्याच्या घरी गेलता ना? पानी पेलं काय?"

"हो."

"गोड हाय?"

"गोड हाय."

"कोनं देल्लं? त्यानं सोता?"

"त्यांनीच."

"तांब्या विसळला काय आधी? आमची माय तीनदा विसळे."

मी पाहिलं नव्हतं.

"तीनदा," मी म्हणालो.