परिणाम झालेली एकमेव मावशी

माणूस हा स्वतंत्र बुद्धीचा प्राणी आहे. ही गोष्ट त्याने स्वतःच आम्हाला सांगितलेली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याचं कारण उरत नाही.

आमची कचेरी लोकांना प्रश्न विचारण्याचं काम करते. टीव्हीवरच्या जाहिराती बघून माणसं खरोखर वस्तू घेतात का, हे शोधून काढण्याची कामगिरी कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका कारखान्याने आमच्यावर सोपवली. आम्ही शहरभर हिंडलो, शेकडो घरांच्या घंटा वाजवल्या आणि पुढील निष्कर्षाप्रत आलो:

जाहिरातींचा शेजाऱ्यांवर परिणाम होतो असं म्हणणारे : सर्व.
स्वतःवर होतो असं म्हणणारे : एक.

(शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता त्यांनी पलीकडच्या शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं. अशा रीतीने ते बोट साऱ्या शहरातून फिरून पहिल्या घरी सुखरूप परत आलं.)

ती एक व्यक्ती म्हणजे माझी सख्खी मावशी. नातेवाइकांना प्रश्न विचारू नयेत असा कचेरीचा नियम आहे, आणि तो मी मोडलेला नाही. मावशीला काही विचारावं लागत नाही. ती आपण होऊन सांगते.

कारखानदार मात्र बुचकळ्यात पडले. त्यांची पावडर दर महिन्याला जास्त खपत होती आणि तिची जाहिरात कुणावरही परिणाम करत नव्हती. "मग घेतंय कोण?" असं त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशीचं नाव सांगितलं.

जाहिरातीबद्दल दोन शब्द सांगणं आवश्यक आहे. मूळ जाहिरात अशी होती : एक किडकिडीत तरुण खांद्याला पिशवी लावून रणरणत्या उन्हात एका घराची घंटा वाजवतो. बाई दार उघडतात, "आम्हाला काही नको," म्हणतात आणि धाडकन दार लावून घेतात. तो बंद दाराला म्हणतो, "ताई, एकदा वापरून तर बघा." पुढे बाईंना दया येते, दार उघडतं, कपडे धुतले जातात आणि अख्खं घर वाळत घातलेल्या चादरींमधून हसत पळतं. परंतु टीव्हीवरची वेळ महागल्यावर कारखान्याने काटकसर म्हणून जाहिरात मधोमध कापली. पहिला अर्धा भाग ठेवायचा की दुसरा, याविषयी लेखी आदेश नसल्यामुळे दार बंद झालं तिथेच ती संपू लागली. तेव्हापासून तो तरुण दिवसभर, दर अर्ध्या तासाने, बंद दाराशी बोलत उभा होता.

हे सगळं मावशी भाजी निवडता निवडता बघत असे. तिच्या बाजूला काका, म्हणजे तिचे यजमान, बसलेले असत. काका पूर्वी इमारतींचे नकाशे काढत, आता निवृत्त आहेत. त्यांच्यावर कशाचाच परिणाम होत नाही. "मी वस्तू पारखून घेतो," असं ते दाढी करताना सांगतात. त्यांच्या वस्तऱ्याला पाच पाती आहेत, आणि चौथ्या पात्याने सोडलेला केस पाचवं पातं उचलतं हा शोध त्यांनी स्वतःच लावलेला आहे. (हेच वाक्य टीव्हीवर रोज रात्रीच्या बातम्यांच्या आधी लागतं. काका म्हणतात, त्यांनी माझं ऐकलं असेल.)

मावशीचा मुलगा दूरच्या एका शहरात पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार फिरून विकतो. फोन कमी करतो. केला तर "बरं चाललंय" म्हणतो, आणि बरं चाललेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मावशीला माहीत आहे. (ही माहिती आम्ही अहवालात घेतली नाही. विषयाशी तिचा संबंध नव्हता.)

साहेब मावशीच्या घरी आले तेव्हा तिने त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"पोराला पाणी तरी विचारता का हो तुम्ही लोक?"

"कोणत्या पोराला?" साहेब म्हणाले.

"तुमच्याच. सकाळपासून दारात उभा आहे. एका बाजूची टाच पार झिजलीय त्याच्या बुटाची. दिसत नाही का कुणाला?"

"बाई, ती जाहिरात आहे."

"जाहिरात आहे ते कळतंय मला, खुळी नाही मी. पण उन्हात उभा तर तोच आहे ना? की त्याच्या जागी दुसरं कोणी उभं आहे?"

साहेबांनी थोडा विचार केला. दुसरं कोणीही उभं नव्हतं हे त्यांना मान्य करावं लागलं.

"बरं, पावडर कशी आहे?"

"कुणाला ठाऊक! एकदा वापरली तर हाताला खाज सुटली. मी आपली साबणाची वडीच घासते."

"मग घेता कशाला?"

"अहो, कुणी घेतलीच नाही तर काढून टाकाल ना त्याला कामावरून!"

तिने साहेबांना घर दाखवलं. पाकिटं पलंगाखाली होती, कपाटात होती, शिवणयंत्राच्या पोटात होती. मुलाची खोली तर छतापर्यंत भरली होती आणि त्याची गादी उभी करून भिंतीला टेकवली होती. काकांचा नकाशांचा जुना फळाही पाकिटांच्या चळतीवर ठेवलेला होता. काका त्या पाकिटांकडे बघत नसत. न बघणं हा त्यांचा निषेध होता.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "एकट्या बाईच्या दयेवर कारखाना चालत नाही. हिच्यासारखे अजून आहेत, बोलत नाहीत."

म्हणून आम्ही त्याच घरांत पुन्हा गेलो. या वेळी प्रश्न विचारला नाही. हात धुवायचे आहेत असं सांगून न्हाणीघरात गेलो आणि फळीवर नजर टाकली. दहातल्या नऊ घरांत तेच पाकीट होतं. कारणं अशी मिळाली : हाताशी आलं म्हणून उचललं, दुकानात दुसरं नव्हतं, भाचीने आणून ठेवलं, ते इथे पहिल्यापासूनच आहे. एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, ते शेजाऱ्यांचं आहे.

कारखान्याने या निष्कर्षाचं मनापासून स्वागत केलं. पुढच्या जाहिरातीत तरुणावर पाऊस पडला. त्यानंतरच्या जाहिरातीत त्याच्या बुटाचा तळ उघडला. मग त्याला खोकला देण्यात आला. एका खोकल्याला विक्री अकरा टक्क्यांनी वाढली, दोन खोकल्यांना एकोणीस. तिसऱ्या खोकल्याला लोक पावडर न घेता कारखान्याच्या पत्त्यावर काढे पाठवू लागले, म्हणून दोनांवर थांबण्याचं धोरण ठरलं.

याच सुमारास मावशीच्या मुलाचा फोन आला.

"आई, हल्ली लोक दार उघडतात गं. पाणी विचारतात. काल एका आजींनी तर पंख्याखाली खुर्ची दिली."

"घेतात का पण काही?"

"घेत नाहीत. बसवतात मात्र."

फोन ठेवल्यावर मावशीने त्या दिवशी दोन पाकिटं जास्त आणली. दारोदार फिरणाऱ्यांना शहराशहरांत अचानक पाणी मिळू लागलं, याचं कारण शोधायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आम्ही ते शोधलं नाही.

मग तो तरुण पायरीवर बसला. नव्या जाहिरातीत तो घंटाही वाजवत नव्हता, नुसता पिशवी मांडीवर घेऊन बसून होता. मावशीने टीव्ही बंद केला, मुलाचा जुना स्वेटर काढला, गरम जेवणाचा डबा भरला आणि मला म्हणाली, "चल. मला त्याच्याकडे ने."

मी कचेरीची परवानगी काढली. शहरातला एकमेव प्रामाणिक ग्राहक नाराज होऊ नये असं वरिष्ठांचंही मत पडलं. काय बघायला मिळणार याची मला पूर्ण कल्पना होती : गार खोलीत आरामखुर्चीवर रेलून बसलेला, गुबगुबीत, चकचकीत नट. मावशीला धक्का बसेल म्हणून मी एक जास्तीचा रुमालही घेतला होता.

चित्रीकरणाच्या इमारतीत तो बोळकांडीतल्या लोखंडी खुर्चीवर बसला होता आणि अर्धी काकडी खात होता. पायात तेच बूट होते.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"मी ती नाही, जिने दार लावलं," मावशी म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला. त्याच्या करारात तीन कलमं होती : वजन वाढवायचं नाही, चारचौघांत हसायचं नाही आणि बूट बदलायचे नाहीत. पगार चांगला होता. त्या पगारात तो काय वाटेल ते खाऊ शकला असता, फक्त खायची परवानगी नव्हती. म्हणजे मावशीची समजूत संपूर्णपणे वस्तुस्थितीला धरून होती आणि माझा रुमाल वाया गेला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "डब्यात काय आहे?"

तिने त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मला पहाऱ्यावर उभं केलं. त्याने डबा पुसून खाल्ला. मग स्वेटर घालून बघितला. बाह्या वीतभर लांब झाल्या तेव्हा त्याला हसू फुटलं आणि त्याने घाबरून तोंडावर हात दाबला.

"हस रे," मावशी म्हणाली. "इथे काय टीव्ही लावलाय?"

त्यानंतर तो दर रविवारी मावशीकडे जेवायला येऊ लागला. काका त्याला जुने नकाशे दाखवत. "पोरगा मला आधीपासूनच आवडायचा," ते मला म्हणाले. "टीव्हीमुळे नव्हे. मी माणूस पारखून घेतो." मुलाच्या खोलीतली गादी पुन्हा खाली घालण्यात आली, कारण जेवल्यावर त्याला झोप येई.

आणि मावशीने पावडर आणणं बंद केलं. मी कारण विचारलं. (विचारू नये असा नियम असताना मी हा एकच प्रश्न विचारला.)

"आता कशाला?" ती म्हणाली. "तो आत आलाय."

हळूहळू त्याचे गाल भरले. रंगभूषेच्या बाईंनी गालांवर सावल्या काढून बघितल्या, पण सावल्याही गुबगुबीत दिसू लागल्या. दोन खोकले देऊनही विक्री हलेना. "चांगला खाऊनपिऊन सुखी दिसतो की," असं लोक म्हणू लागले. हे ते लोक, ज्यांनी ती जाहिरात कधी धड बघितलेलीच नव्हती. कारखान्याने करारभंगाबद्दल तरुणाला काढून टाकलं आणि त्याच्या जागी एक नाचणारी बादली नेमली. बादलीचं वजन वाढत नाही.

पुढच्या फोनवर मावशीचा मुलगा म्हणाला, "बरं चाललंय." दारं पुन्हा बंद झाली होती.

तरुणाने हातपाय हलवले. मावशीच्या घरातली पाकिटं पिशवीत भरून तो खरोखरच दारोदार निघाला. पहिल्याच घरी बाई म्हणाल्या, "तो टीव्हीवरचा कसा मनापासून बोलायचा! तुम्ही त्याची नुसती नक्कल करता." दुसऱ्या घरी त्याने पाकीट फुकट देऊ केलं, तेव्हा घरमालकांनी ते उन्हात धरून, उलटंपालटं करून बघितलं आणि भेसळ असणार म्हणून परत केलं. संध्याकाळी तो भरल्या पिशवीनिशी मावशीकडे आला.

"कुणी पाणी विचारलं?" तिने विचारलं.

"नाही."

मावशीने ताट वाढलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत मुलाला फोन लावला. "तुझ्याकडे एकाला पाठवतेय," ती म्हणाली. "दारात उभं राहायचा अनुभव आहे त्याला. जेवतो मात्र भरपूर."

सध्या दोघं त्या शहरात एका खोलीत राहतात आणि जोडीने यंत्रं विकतात. एक बोलतो, दुसरा खोकतो. धंदा बरा आहे. मावशीला आता आठवड्यातून दोन फोन येतात, आणि दोन्ही आवाज ती नीट ऐकून घेते. उरलेली पाकिटं काका संपवत आहेत. पूर्ण पारखून बघितल्यावर ही पावडर इतरांपेक्षा सरस आहे असं त्यांचं मत झालं आहे. त्यांना खाज सुटत नाही, असं ते खाजवत सांगतात.

आमचा अहवाल कारखान्याला सादर झाला. जाहिरातींचा लोकांवर परिणाम होत नाही. पूर्वी एका व्यक्तीवर होत असे, आता तिच्यावरही होत नाही. शहर शंभर टक्के स्वतंत्र बुद्धीचं झालं आहे. (बादलीमुळे विक्री बत्तीस टक्क्यांनी वाढली, तो योगायोग समजण्यात यावा.)

वाचकांना हा प्रश्न विचारण्याचं आम्हाला कारण नाही. आपण सुज्ञ आहात. फक्त एक किरकोळ बाब नोंदवून ठेवतो. वर कुठेही मी त्या पावडरीचं नाव घेतलेलं नाही, पाकिटाचा रंग सांगितलेला नाही आणि जाहिरातीत गाणं असल्याचं तर चुकूनही म्हटलेलं नाही. तरी मघापासून आपल्या डोळ्यांसमोर जे पाकीट आहे, त्याचा रंग आपल्याला स्पष्ट दिसतो आहे. आणि आता ते गाणंही सुरू झालं.

असू द्या. आपलं पाकीट आम्ही शेजाऱ्यांच्या नावावर टाकतो.