गाडी मोकळी पळवायची न्हाई

आमच्या गल्लीत कुणीही गॅसवर कुकर चढवला की तात्यांना तो भिंतीपलीकडून कळतो. कसा, ते विचारू नका. मी एकदा मुद्दाम, चोरासारखं, झाकण अलगद बसवलं होतं. तरी शिट्टी व्हायच्या आत दारात हजर! हातात स्टीलचा डबा, त्यात धुतलेली तूरडाळ, वर चिमूटभर हळद.

"शोभा, वरचा मजला मोकळा हाय का गं?"

असतो मोकळा. घरात आम्ही नवराबायको दोघंच, भात आणि डाळ लावली की कुकरातला वरचा डबा रिकामाच राहतो. पण माझ्या कुकरातली रिकामी जागा ही तात्यांच्या जिवाला लागते, त्याला मी काय करू? "गाडी तर जातीयाच की पुढं," ते म्हणतात. "मग गाडी मोकळी पळवायची न्हाई." मी झाकण काढते, डबा आत जातो, आणि तात्या "पाच मिनटांत आलो" म्हणून पुढच्या घरी सटकतात. तिथं त्यांचे बटाटे उकडत असतात.

तात्या उभा जन्म लाल गाडीवर कंडक्टर होते. सातारा-दहिवडी, सातारा-सांगली, कधी महाबळेश्वरचा घाट. रिटायर झाले, पण बसायचं काही त्यांना जमलं नाही. खुर्ची दिली तर तिच्या पाठीला धरून उभे राहतात. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, टीव्हीवरची मॅचसुद्धा उभ्यानं. बोलता बोलता दारातून खिडकीकडे, खिडकीतून ओट्याकडे सरकत राहतात. त्यांच्याकडे बघून आपल्यालाच दम लागतो. मी शिलाईचं काम करते, दिवसभर मशीनवर बसून असते, आणि हा माणूस समोर असा येरझाऱ्या घालायला लागला की माझी टीप वाकडी जाते.

आता महागाई आहे, कबूल. सिलिंडर, तेल, शाळेच्या फिया, सगळंच वर चाललंय. काटकसर कोण करत नाही? मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवते. उरलेल्या भाताला फोडणी देते. पण ती झाली आपल्या घरातली काटकसर. तात्यांनी सगळ्या गल्लीला तिकीट फाडलं! मगदूमकाकूंच्या भाकऱ्या झाल्या रे झाल्या की हे रस्त्यात उभे राहून ओरडणार, "तवा तापलाय! कुणाच्या चपात्या ऱ्हायल्यात का?" मंडईत एकीनं जायचं आणि चौघींची भाजी आणायची, तीही बाजार उठता उठता. माझ्या वॉशिंग मशीनचा पाइप एक दिवस मोरीत दिसेना. बघते तर खिडकीतून बाहेर, खाली तात्यांची बादली. "शेवटचं पाणी सोच्च असतंय गं. तीन घरांच्या फरश्या पुसून हुत्यात."

आणि मिसकॉल! एक मिसकॉल म्हणजे भाजीवाला आला, दोन म्हणजे सिलिंडरची गाडी आली, तीन म्हणजे नळाला पाणी आलं. मी म्हटलं, "आवं तात्या, आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत. महिन्याचा रिचार्ज केला की कितीही बोला."

"पैशाचं न्हाई गं. बोलत बसलं की डाळ करपती."

कप्पाळ माझं!

एकदा मात्र गाडी चुकली. मगदूमकाकू जैन, मूळच्या सांगलीकडच्या. पर्युषणाचे दिवस. काकूंचं सगळं सोवळं अगदी कडक, आणि तात्यांनी नेमका आपला लसणाच्या आमटीचा डबा त्यांच्या कुकरात ठेवला. कुकर उघडला आणि काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"झाकण घट्ट हाय काकू," तात्या हात जोडून म्हणत होते. "लसूण डब्यात, तुमी भाईर."

"वास कुठं डब्यात बसतोय तात्या? तो डबा उचला आणि निघा!"

काकूंनी कुकर चिंचेनं घासला, उन्हात ठेवला आणि आठवडाभर तात्यांशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून तात्यांनी दोन रूट केले. लसणाची गाडी माझ्याकडे, बिनलसणाची काकूंकडे. पुढं काकूंनीच एक दिवस खिडकीतून हाक मारली, "तात्या, आज वरचा डबा रिकामाच आहे हो!" सवय लागली होती ना बाईला.

तर असा हा माणूस. पण हे खूळ त्यांना जन्मापासूनचं नव्हे. उलट एके काळी तात्या कंदी पेढे वाटायला निमित्त शोधायचे. कुणाचा पोरगा दहावी झाला, पेढे. कुणाची म्हैस व्याली, पेढे. हात सढळ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मुलगा विकास आणि सून सुजाता. विकास औद्योगिक वसाहतीत लेथवर होता. पावसाळ्याच्या तोंडावर ते वर्कशॉप बंद पडलं. मग कधी कुणाचा पंप दुरुस्त कर, कधी टेम्पोवर जा, असं मिळेल ते चाललेलं. गल्लीला हे माहीत होतं, आणि गल्लीला माहीत आहे हे त्या घरालाही माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. सुजाता इस्लामपूरची, खात्यापित्या घरातली. लग्न झाल्यावर पहिल्या संक्रांतीला तिनं केवढं हळदीकुंकू केलं होतं! स्टीलचे डबे वाण म्हणून लुटले पोरीनं. वर्कशॉप बंद झालं आणि ती दाराबाहेर दिसेनाशी झाली. रस्त्यात भेटलीच तर खाली बघून "बरी आहे" म्हणायची आणि निघून जायची.

त्याच सुमाराला तात्यांचा डबा घेऊन फिरणं सुरू झालं. आम्ही समजून गेलो. घरात ओढाताण आहे, म्हातारा वाचवतोय. वाचवू दे. फक्त त्यासाठी माझा पाइप कशाला पळवायचा, एवढंच माझं म्हणणं.

संक्रांत जवळ आली. माझ्याकडे काळ्या कापडांचा हा ढीग, प्रत्येकीला ब्लाउज वेळेत हवा. अशात तात्या दारात.

"कुकर झाला माझा," मी मान वर न करता म्हटलं.

"कुकरचं न्हाई. हळदीकुंकवाचं हाय."

मी मशीन थांबवलं. "तुमचं काय काम हळदीकुंकवात?"

"न्हाई, इचार केला जरा." ते खिडकीकडे गेले, परत आले. "समद्या बाया समद्यांच्या घरी जाणार. रोज एकीकडं. म्हंजे रोज गाडी निघणार, रोज अर्धी मोकळी. त्यापरीस गल्लीत एकच हळदीकुंकू करायचं. आन वाण इकत आणायचं न्हाई. ज्याच्या घरात जे हाय त्यातलंच द्यायचं."

माझं डोकंच फिरलं. "तात्या, बास झालं हं! कुकर दिला, पाणी दिलं, तवा दिला. वर्षातनं एकदा बायका नटून चार घरी जातात, तिथंही तुम्ही घंटी मारत येणार? चिकटपणाला काही सुमार?"

एरवी यावर ते हसले असते. हसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई म्हायेरला जाते म्हणतीया. रथसप्तमी झाली की येती म्हणाली."

"मग जाऊ दे की. चार दिवस माहेरपण..."

"म्हायेरपणाला जात न्हाई ती. तोंड चुकवाय जातीया. हितं ऱ्हायली तर तुमी बोलावणार. तुमच्याकडं आली की तुमाला बोलवाय लागणार. वाण आणाय लागणार. नवऱ्याकडं मागायचं तिच्या जिवावर येतंय, आन त्याला न्हाई म्हणायचं जिवावर येतंय. दोघं रातीला एकमेकाशी बोलत न्हाईत, शोभा. अशी गेली तर परत कशी येईल ती? आली तरी मान खाली घालूनच येईल."

तात्या पुन्हा चालायला लागले होते.

"एका घरानं हात आखडला की समद्यांच्या डोळ्यांवर येतंय. गल्लीनंच आखडला तर कुणाच्या डोळ्यांवर यील? म्हणून म्हणलं एकच करा."

"आणि ते कुकर? ते डबे?"

"गॅस हाय की आमच्याकडं." ते जरा ओशाळले. "पर सूनबाई भाजी निम्मी करायची आन खिडकीतनं बघायची, कुणी बघतंय का. कुणी आलं की झाकण टाकायची. तवा म्हणलं, आपुनच भाईर पडावं डबा घिऊन. लोक म्हणतील म्हातारा चिकट हाय. म्हणू देत. म्हातारा चिकट म्हणल्यावर सुनंला कोण काय म्हणंल?"

हातातल्या ब्लाउजचा हुक मी उलट्या बाजूला लावला होता, तो उसवायला घेतला. सहा-सात महिने हा माणूस दारोदार डबा घेऊन फिरला, बायकांची बोलणी खाल्ली, आणि प्रत्येक टोमणा आपल्या अंगावर आला म्हणून मनातल्या मनात खूष होता! काय म्हणावं अशा माणसाला? मला त्याचा राग आला, आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी खेकसले, "एकच करायचं ना? मग तुमच्याच घरात करायचं. जा आता, मला काम करू द्या!"

गल्लीतल्या बायका आधी कुरकुरल्या. मी साफ सांगितलं, जिला वेगळं करायचं असेल तिनं ब्लाउज दुसरीकडून शिवून घ्यावा. संक्रांतीच्या तोंडावर दुसरीकडे कोण शिवून देतंय? सगळ्या तयार झाल्या. मगदूमकाकूंना मात्र खरं काय ते सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "मी विरजण देईन. माझ्या विरजणासारखं दही कुणाचं लागत नाही."

सुजाताकडे गेले तर कॉटवर तिची बॅग भरलेली. मी बॅगेकडे बघितलंच नाही. म्हटलं, "हे बघ, माझ्या घरात कापडांचा पसारा, काकूंचे गुडघे दुखतात. जागा तुझीच मोठी. यंदा सगळ्यांचं मिळून एकच ठरलंय, आणि वाण विकत आणायचं नाही."

"सगळ्यांचंच?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचं. तुझ्या सासऱ्यानं डोकं खाल्लं आमचं."

"आमच्याकडे द्यायला काय आहे, शोभाताई?"

ते तात्यांनी आधीच ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीनं ते माणदेशात, दहिवडीकडे गेले आणि आपल्या वाट्याच्या रानातली अर्धं पोतं बाजरी खांद्यावर टाकून आले. सुजातानं ती पाखडली, निवडली. बॅग कॉटखाली गेली.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांनी तात्यांना घराबाहेर काढलं. विकासनं शेजारपाजारच्या सतरंज्या आणून घातल्या आणि तोही सटकला. आत काळ्या साड्यांची गर्दी. काकूंचं विरजण वाट्यांतून, मी चिंध्यांचे बटवे शिवलेले, कुणाची चिंच, कुणाचा कढीपत्ता. सुजाता एकेकीच्या ओटीत ओंजळभर बाजरी घालत होती. सगळं नीट चाललं होतं, पण तिचा चेहरा काही सैल होईना. परीक्षेला बसल्यासारखी वावरत होती. मग काकू म्हणाल्या, "यजमानीणबाई, नाव घ्या!"

मला माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं, की यंदा ते नाव घेणं तिला सोपं नाही. तिनं खाली बघितलं. मला वाटलं, झालं, आता ही आत जाते. काकूंचा मला असा राग आला! तेवढ्यात सुजातानं मान वर केली.

"माणदेशच्या मातीत पिकतो बाजरीचा दाणा,
विकासरावांचं नाव घेते, तात्यांना आत आणा!"

बायका अशा हसल्या की एकीची विरजणाची वाटी सतरंजीवर कलंडली. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आणा, आणा, त्यांना आणा!" मी उठून बाहेर आले.

तात्या रस्त्यात विजेच्या खांबापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. मला बघून धावतच आले. "काय झालं गं? काय चुकलं का?"

"काही चुकलं नाही. तुमच्या सुनेनं उखाणा घेतला."

"आवाज आला मला हसल्याचा. समद्याच हसल्या." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "त्यात ती हुती का? ती हसली का गं?"

"तीच तर हसतीय सगळ्यात मोठ्यानं. आणि तुम्हाला आत बोलावलंय तिनं."

"मला? बायकांच्यात?"

"होय, तुम्हालाच. चला."

ते दाराकडे आले, उंबऱ्याशी थबकले आणि एकदम तोंड फिरवलं. "तू हो फुडं," भिंतीकडे बघत म्हणाले. "मी तोंड धुऊन आलो."

मी आत गेले. सुजाता तिळगुळाचं तबक घेऊन दाराशीच उभी होती. "आले का तात्या?"

"येतायत," मी म्हटलं. "थांब जरा."