नाकेदारांच्या ढलप्या

आमच्या गल्लीत ढलप्या चोरताना सापडलेलं माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. मारहाण होत नसे, चौकशी होई. दौलतराव नाकेदार फाटकात आडवे उभे राहत आणि विचारत, "पास हाय काय?"

दौलतराव जंगल खात्यातून निवृत्त होऊन पुसदला आमच्या शेजारी राहायला आले होते. पासाशिवाय लाकडाचा एक फाटा त्यांनी उभ्या नोकरीत नाक्याबाहेर जाऊ दिला नव्हता. पेन्शन लागली, नाका सुटला, प्रश्न तेवढा जिभेवर राहिला. त्यातच आम्ही विदर्भवाले नागपूरच्या सरकारातून मुंबईच्या सरकारात गेलो. "सरकार बदलते, मास्तर," ते मला समजावत, "पास नाई बदलत."

त्यांच्या अंगणात मोगऱ्याच्या बुडाशी, वांग्यांच्या ओळीत, पपईभोवती सागाची साल आणि लाकडाच्या ढलप्या वीतभर जाड पसरलेल्या असत. आता ज्या गल्लीत घरोघरी चूल आणि न्हाणीत बंब, तिथे हे दृश्य म्हणजे उपाशी माणसासमोर पुरणपोळी पसरून ठेवण्यासारखंच! माझी आई तर रोज कुंपणाशी उभी राहून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "मी येथी ओल्या काट्या फुकून राह्यली, अन् तेथी सोन्यासारखं इंधन मातीत सडून राह्यलं."

दौलतरावांचं उत्तर ठरलेलं. "जंगलात भुई कधी नागडी पाह्यली काय, वैनी? पान पडते, साल पडते, ते झाकून राह्यते. आपनच तिले झाडू-झाडू नागडी करतो." आणि वर, "तुमाले चुलीत घालाचंच असन त मास्तरची छडी घाला."

एकदा समोरच्या बाईंनी पदरात चार ढलप्या घेतल्या. दौलतरावांनी त्या मोजून परत घेतल्या आणि जिथल्या तिथे बसवल्या. हा प्रकार मी शाळेत मास्तरांच्या खोलीत साभिनय करून दाखवीत असे. "पास हाय काय?" म्हणताना मान कशी वाकडी करायची, हे मला उत्तम जमलं होतं.

खरं सांगायचं तर वैशाखात आमच्या तुळशीचा पापड होई आणि त्यांची वांगी मजेत उभी असत. एका दुपारी मी चोरून त्यांच्या ढलप्यांखाली बोट घातलं. माती गार आणि ओलसर होती. मागून आवाज आला, "हात धुऊन घ्या, मास्तर. भुईची ओल पासाबिगर नेता येत नाई."

हा माल येई आरा मशीनवरून, म्हणजे लाकडं चिरण्याच्या गिरणीतून. तिथे एक नवा मिस्त्री आला होता, कादरभाई. पहिल्याच दिवशी दौलतराव करवतीच्या कर्कश आवाजावर आवाज चढवून ओरडले, "साल! साल द्या, साल!" कादरभाईंनी मशीन बंद केलं आणि बाह्या सारल्या. "किसको साला बोल रे?"

तिथल्या मुनीमजींनी मध्ये पडून साल म्हणजे छाल, असा खुलासा केला म्हणून निभावलं. कादरभाई पोट धरधरून हसले. पण दौलतरावांनी साला म्हटलं म्हणजे आपण त्यांचे मेहुणे झालो, हे नातं त्यांनी सोडलं नाही. त्या दिवसापासून ते दौलतरावांना दुल्हेभाई म्हणत आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, आपा, थोरली बहीण. "छिलका बोलो ना, दुल्हेभाई," ते विनवत. दौलतराव ऐकतील तर शपथ. "मी सालले सालच म्हनीन."

उन्हाळ्यात थर पातळ होतो म्हणून दौलतराव हिवाळ्यापासून सहा पोती कोरडा माल ओसरीत रचून ठेवत आणि त्याला खेटून बाज टाकून झोपत. त्या पोत्यांना काकूंनाही हात लावायची मुभा नव्हती.

त्या वर्षी पौषात आमच्याकडे मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी अवकाळी झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. पोर जेमतेम मुठीएवढी, हातपाय गार. बाजेखाली शेगडी ठेवायची तर गल्लीतलं सगळं इंधन भिजलेलं. धूर होई, निखारा धरेना. आईच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं की भीतीचं, मला कळेना. मीही घाबरलो होतो.

सकाळी दारात धप्पकन आवाज झाला. दौलतराव पोतं टाकून दुसरं आणायला वळले होते. सहाही पोती त्यांनी स्वतःच्या पाठीवरून आणली, स्वतः भिजून आणि पोत्यांवर घोंगडी घालून.

"नाकेदार, उन्हाळ्यात तुमच्या झाडाइचं कसं?" आईने विचारलं.

"झाडं उभी राह्यतात, वैनी," एवढंच बोलून ते गेले.

त्यांच्या मागोमाग आलेल्या काकू मात्र थांबल्या. अंगणातल्या छपराखाली निखारे पाडता पाडता आईला म्हणाल्या, "उमरखेडकडच्या जंगलात होतो आमी. नाक्यावरच बाळंत झाली मी. आठ दिवसाचं पोरगं होतं. अशीच झड. चहूकडे जंगल, पन पेटन अशी एक काडी नाई. थंडच झालं पोरगं." फुंकणी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सागाखाली ठेवलं त्याले. पान्यानं माती वाहून जाऊन राह्यली होती. यायनं मंग साल आनून झाकलं. तवापासून नागडी भुई पाह्यवत नाई याइले."

मला शाळेतली माझी नक्कल आठवली. फार लाज वाटली. ती मी पुन्हा केली नाही.

शेगडी बारा दिवस धगधगती राहिली आणि पोरीने अंग धरलं.

सव्वा महिना झाल्यावर मी आरा मशीनवर गेलो. कादरभाईंनी सगळं ऐकून घेतलं, मशीन बंद केलं आणि बैलगाडी काठोकाठ भरून दिली. "आपा के घर का माल है," ते म्हणाले आणि गाडीबरोबर निघाले.

दौलतराव सवयीने फाटकात आडवे झाले. "पास हाय काय?" पण आवाज नेहमीचा नव्हता.

बायको पोरीला घेऊन पुढे झाली आणि तिने तिला त्यांच्या हातात दिलं. दौलतरावांनी दुपट्याचं टोक सारखं करून तिचे उघडे पाय झाकले. पासावरचा शिक्का तपासावा तसे ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "गाडी येऊ द्या आत."