शाकाहारी गळ

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्याला मासे धरायची काठी आणि डब्यात भाकरी-झुणका अशा थाटात रविवारी सकाळी शिवाजी पेठेतून कुणी स्कूटरवर निघालेलं दिसलं, तर ते आमचे शेजारी मल्लाप्पा आण्णा समजा. जातीचे लिंगायत, जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. मासा कसा लागतो हे त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तरी दर आठवड्याला मासे पकडतात आणि पकडला की सोडून देतात.

मला हे आजतागायत पचलेलं नाही. मी मासळीसाठी दोन कोस चालत जाणारी बाई. आण्णा परत आले की मी जिन्यात उभीच.

"किती गावले?"

"तीन. एक तर हाताएवढा होता, अक्का!"

"मग कुठायत?"

"घरी गेले की आपल्या."

माझी कढई घरात ताटकळत आणि ह्यांचे मासे आपल्या घरी! असा माणूस शेजारी असणं ही एक शिक्षाच आहे.

आण्णांचं दोऱ्या-बटणांचं दुकान. त्यांची बायको शांताक्का वारल्या, तेव्हा गोकाकला दिलेल्या लेकीनं, सुवर्णानं, वडिलांचा वेळ जावा म्हणून मोठा फोन घेऊन दिला. लोक त्यावर भजनं बघतात. आण्णांना त्यात परदेशातले म्हातारे दिसले. गुडघाभर गार पाण्यात उभे राहून ट्राउट नावाचा मासा धरायचे, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि सोडून द्यायचे. आण्णा महिनाभर दुसरं काही बघेनात. ट्राउट आपल्याकडं कुठला? त्यांनी आपल्या नदीतल्या खडशी माशावर भागवलं.

गळाला गांडूळ लावायचं नाही, कारण जीवहत्या. म्हणून पिसांची खोटी माशी करतात. दोरा आणि जरीची तार दुकानातलीच, पिसं मात्र कोंबडीवाल्याकडची. भस्म लावलेले आण्णा कोंबडीच्या दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडताना कुणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत बोभाटा झाला. शेवटी आण्णांनी भर चौकात पिशवी उलटी केली. वाऱ्यानं लाल पिसं लोकांच्या डोक्यावर बसली, पण संशय गेला तो गेला.

दोर लांब फेकायचा सराव गच्चीवर चालायचा. एकदा त्यांच्या गळाला माझा वाळत घातलेला परकर लागला आणि थेट तालमीच्या पटांगणात जाऊन पडला. तिथं फुटबॉल चालू होता. मी चार दिवस त्या रस्त्यानं गेले नाही. आण्णांनी माफी मागितली, पण मागताना म्हणाले, "खरं अक्का, फेक झकास गेलती, व्हय की न्हाय?"

गळाचा उलटा काटा ते पक्कडीनं चेपून टाकतात, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. कोरड्या हातानं माशाला शिवलेलं खपत नाही. "आधी हात वल्ला करा! त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा गेला तर रोग लागतोय," असं ते कुणालाही बजावतात. ऐकणारा भाजीवाला असला तरी.

यंदा वळीव फार जोरात झाला. आमच्याकडच्या बंधाऱ्यांना दगडी खांब असतात आणि मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे जाड फळ्या, घालून पाणी अडवतात. पावसाळ्याआधी त्या काढतात. पण नदीला नवं पाणी आलं तरी कोडोलीच्या पुढच्या एका बंधाऱ्याचे बरगे तसेच होते. अंडी घालायला वर निघालेल्या खडशी खाली अडकल्या आणि गावानं जाळी बाहेर काढली.

आण्णा चहासुद्धा न घेता माझ्या दारात आले. "अक्का, तुमचं माहेर तिकडंच न्हवं? बंधाऱ्याचं समदं तुमच्या भावाच्या हातात हाय म्हणं. एक गाळा उघडा म्हणून सांगा की त्यास्नी."

मी लगेच तयार झाले. खोटं कशाला बोलू, मी मोठा डबा बरोबर घेतला होता. आमच्या ह्यांनी गाडी काढली.

बंधाऱ्याखाली पाणी नुसतं उसळत होतं. हातभर लांबीच्या खडशी उड्या मारत होत्या, फळ्यांवर आपटून खाली पडत होत्या आणि पुन्हा उडी घेत होत्या. काठावर पाच-सहा जण जाळी सारखी करत होते. एका खडशीच्या फुगलेल्या पोटाकडं बघून मला गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आठवली आणि तोंडाला पाणी सुटलं.

भाऊ, शामतात्या, तिथंच होता. आण्णांनी त्याला हात जोडले. "पावणं, एक गाळा मोकळा करा. सांजच्यापातूर."

"आणि पाऊस लांबला तर? माझा ऊस वाळला तर तुम्ही पाणी देणार हाय? आण्णा, तुम्ही तर मासं खाईत न्हाय. मग एवढा पुळका कशाला?"

आण्णांनी पाण्याकडं बोट केलं. "पोटुशा हाईत हो त्या. बाळंतपणाला माहेरी निघाल्यात. दारातनं माघारी कसं लावायचं?" मग म्हणाले, "आमच्या सुवर्णाला सातवा लागलाय. पयलंच हाय. बाळंतपणाला येणार न्हाय म्हटली. 'अव्वा न्हाय, घरात बाईमाणूस न्हाय, आप्पा, तुम्हाला कशाला तरास?' असं म्हटली. ती न्हाय तर न्हाय. ह्या तरी जाऊ देत."

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जाळीवाले खाली बघायला लागले. मला माझीच लाज वाटली. माझी दोन्ही बाळंतपणं ह्याच गावात, ह्याच तात्याच्या घरी झाली होती.

"तात्या," मी म्हणाले, "काढ बरगं."

"अगं, पर ऊस..."

"काढ म्हटलं न्हवं!"

तात्या पुटपुटत उठला. जाळीवाल्यांनीच हात लावला आणि आकड्यानं एका गाळ्यातल्या फळ्या एकेक करून उपसल्या. पाण्याचा लोट आला. घटकाभर काहीच दिसेना. मग एक काळसर पाठ त्या लोटात शिरली, थरथरत जागीच राहिली आणि वर निघून गेली. मागून दुसरी, तिसरी. आण्णा पायजमा भिजवत पाण्यात उभे होते आणि जाणाऱ्या प्रत्येकीला कानडीत काहीतरी सांगत होते.

सांजेला तात्यानं गाळा बंद केला. मी डबा रिकामाच आणला.

परतताना गाडीतूनच मी सुवर्णाला फोन लावला. "शेजारची काकी बोलते. बाळंतपणाला माहेरी यायचं. पहिल्या आंघोळीपासून सव्वा महिना सगळं मी करणार. बाईमाणूस नाही म्हणे! मी काय मेले?"

पलीकडं हुंदके. मग, "येते, काकी."

मी फोन पुढच्या सीटवर आण्णांकडं दिला. माशांशी तासन्‌तास बोलणाऱ्या माणसानं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. बाप-लेक कानडीत बोलतात, पण एवढं कानडी मलाही कळतं. ते म्हणत होते, "खोली कधीच रंगवून ठेवलीय. पिवळा दिलाय. आवडला नाही तर आत्ताच सांग, तू यायच्या आत बदलतो."