पान एकशे बेचाळीसवर प्रलंबित

आमच्या सोसायटीतले खळदकरकाका दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक घेतात तेव्हा त्याचं नाव बघत नाहीत. लेखक बघत नाहीत, पाठीमागचा मजकूरही नाही. अंगठ्याने भराभर पानं सोडतात आणि फक्त कडेच्या कोऱ्या जागा बघतात. हा प्रकार माझ्यावर पहिल्यांदा लिफ्टमध्ये ओढवला. खराडीच्या बसमध्ये वाचायला म्हणून वाचनालयातलं पुस्तक हातात होतं. तळमजला येईपर्यंत काकांची तपासणी उरकली. "कोरं आहे. वाचा," म्हणाले आणि चालू लागले. त्यांनी मला परवानगी दिली होती, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

काका एकटे राहतात, लग्न केलं नाही. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींवर शेरे लिहिले. निवृत्त होऊन घरी आले, पण शेरे काही सुटले नाहीत. दूध नासलं तर दूधवाल्याच्या पिशवीत चिठ्ठी: "खुलासा व्हावा." जिन्यातला दिवा गेला तर खाली कागद: "पाहणी केली. अंधार आहे." आणि वाचनालयाच्या प्रत्येक कादंबरीत, कडेला, टोकदार पेन्सिलने, खाली आद्याक्षरांसह: "नायकाने वडिलांची पूर्वपरवानगी घेतलेली नाही." "प्रेमपत्र लांबले. मुद्दे क्रमाने द्यावेत." एका रहस्यकथेत तर तिसऱ्याच पानावर "माळ्याची चौकशी व्हावी" असं लिहून त्यांनी अख्ख्या कर्वेनगरचा विरस केला होता, कारण खुनी माळीच निघाला.

याच काकांनी दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या हॉलमध्ये 'चालू वाचन' सुरू केलं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जमायचं आणि सध्या आपण काय वाचतोय ते सांगायचं. वाचून झालेलं पुस्तक चालत नाही. कुणी उत्साहाने सांगायला लागलं की काका हात वर करतात. "ते निकाली निघालं. चालू काय आहे ते बोला."

बोलून भागत नाही. काकांनी एक लांबडं रजिस्टर ठेवलं आहे. त्यात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, काकांनीच तासून दिलेल्या पेन्सिलने, पुस्तकाचं नाव, पान आणि एका ओळीत अभिप्राय लिहायचा. माझ्या शेजारची अन्वी फोनवर वाचते. ती म्हणाली, "काका, मी टाइप करून ग्रुपवर टाकते ना. सिक्स्टी टू पर्सेंट झालंय." काकांनी तिच्यापुढे पेन्सिल ठेवली. "टक्के नकोत. अक्षर हवं."

धायरीहून येणारे पोकळेतात्या तर कानात पुस्तक घालून येतात. स्वतःच्या शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीभोवती फेऱ्या मारत ते कादंबऱ्या ऐकतात.

"पान क्रमांक?" काकांनी विचारलं.

"पान न्हाई, तास हाय. तीन तास झालं."

काकांनी रजिस्टरात "प्रकरण तोंडी" अशी नोंद घेतली. तरीही तात्यांकडून एक ओळ लिहून घेतलीच.

काकांचं स्वतःचं वाचन मात्र दर महिन्याला एकच. "कादंबरी जाड आहे. नवरा बोटीवर, चार वर्षं पत्र नाही, बाई सासर सोडून निघाली आहे. पान एकशे बेचाळीसवर प्रलंबित." दोन वर्षं हेच. एकदा तात्या न राहवून म्हणाले, "काका, ती बाई अजून उंबऱ्यातच उभी हाय व्हय? आत तरी घ्या, न्हाईतर जाऊ तरी द्या तिला." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी उगाचच एक तासलेली पेन्सिल पुन्हा तासली.

मग गेल्या महिन्यातल्या बैठकीला वाचनालयाच्या शेंडेबाई आल्या. पिशवीभर खोडरबर टेबलावर ओतून म्हणाल्या, "वाचकांच्या तक्रारी आहेत. पेन्सिलीचे सगळे शेरे खोडायचेत. कुणाचे आहेत ते मी विचारत नाही, कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. एक खोडरबर उचलून म्हणाले, "मीच खोडतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

शेंडेबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही सोबत बसा हो. नाहीतर हे खोडण्याबद्दलच शेरा लिहून ठेवतील."

म्हणून पुढचा शनिवार मी काकांसोबत वाचनालयात बसले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की बऱ्याच पुस्तकांत काकांच्या शेऱ्याखाली आणखी एक अक्षर आहे, गोल आणि मोठं. "प्रेमपत्र लांबले"च्या खाली: "असहमत. आपणांस कधी आलेले दिसत नाही." मी फिसकन हसले. काकाही हसले, पण ते वाक्य त्यांना पाठ असल्यासारखे.

"हे कोण?"

"माहीत नाही. बाईंचं अक्षर वाटतं. मी पुस्तक अर्ध्यावर परत करायचो, महिन्याने पुन्हा आणायचो. तोवर खाली उत्तरं आलेली असायची. सहा वर्षं चाललं."

"शेंडेबाईंना विचारायचं ना. वहीत नाव मिळालं असतं."

"विचारलं तर शेरे मी लिहितो हे त्यांना कळलं असतं." हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

आता रजिस्टर, पेन्सिल आणि एका ओळीचा अभिप्राय, सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं. दोन वर्षं काका आमचं वाचन ऐकत नव्हते, आमची अक्षरं तपासत होते. मला राग यायला हवा होता. पण नुसतंच वाईट वाटलं.

काकांनी ती जाड कादंबरी उघडली. पान एकशे बेचाळीस. त्यांचा शेरा होता: "निर्णय घाईचा." खाली गोल अक्षर: "असहमत. चार वर्षं वाट बघून निघालेली बाई घाई करत नाही." आणि त्याखाली पुन्हा काका: "तरीही नियमात बसत नाही." त्याच्या खाली काहीच नव्हतं.

"जरा कडक लिहिलं मी," काका म्हणाले. "त्यानंतर उत्तर नाही. कुठल्याच पुस्तकात नाही. दुखावल्या असतील. नाहीतर बदली झाली असेल."

कुठे बदली, हे मी विचारलं नाही. मी कपाटातून पुढचा गठ्ठा आणायला उठले आणि मुद्दाम वेळ लावला.

कालच्या रविवारी चालू वाचनात काकांची पाळी आली. ते म्हणाले, "बाई निघाली. बोटीत बसली. पान एकशे एकसष्ट." पोकळेतात्यांनी टाळ्या वाजवल्या. "सुटली बया," म्हणाले. काकांनी कादंबरी माझ्याकडे सरकवली. "शेरे काढलेत. तपासून घ्या, म्हणजे परत करता येईल."

मी एकशे बेचाळीसावं पान काढलं. "निर्णय घाईचा" खोडलेलं होतं. "नियमात बसत नाही"सुद्धा खोडलं होतं, कागद विरेपर्यंत. मधलं गोल अक्षर मात्र जसंच्या तसं होतं. त्याच्या खाली, ताज्या टोकाने, आद्याक्षरांसह लिहिलं होतं: "सहमत. विलंबाबद्दल क्षमस्व."

"तपासलंत ना? काही राहिलं नाही ना?" पुस्तक परत न्यायला आलेल्या शेंडेबाईंनी टेबलापलीकडून विचारलं.

काका माझ्याकडे बघत नव्हते. पेन्सिल तासत होते.

"तपासलं," मी पुस्तक मिटून शेंडेबाईंच्या हातात दिलं. "कोरं आहे. द्या कुणालाही."